एकाच बाराची शिकार

नाताळ झाला की अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणांच्या शिकारीचा एक वेगळाच मोसम सुरू होतो. त्यात काडतुसाची बंदूक चालत नाही, दुर्बीण चालत नाही. बंदूक ठासणीचीच लागते, आणि तीसुद्धा गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी. अठराव्या शतकात याच राज्यातल्या लँकेस्टर भागात जर्मन कारागीर घडवत असत त्या धाटणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी गजाने तिच्यावर ठासायची, नळीच्या कानाजवळच्या पेल्यात रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू घालायची, आणि मग बर्फात उभं राहून वाट बघायची. १९७४ पासून हा मोसम चालत आला आहे. इतर राज्यांतही ठासणीच्या बंदुकीचे मोसम असतात, कुठे सप्टेंबरात, कुठे डिसेंबरात, आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे.

या शिकारीत बार एकच मिळतो. सरावलेल्या माणसालाही बंदूक पुन्हा भरायला अर्धं मिनिट लागतं, गारठलेल्या बोटांनी त्याहून जास्त. शिवाय काळ्या दारूचा धूर इतका दाट असतो की चाप ओढल्यावर काही क्षण समोरचं सावज दिसतच नाही. गोळी कुठे लागली, जनावर कोणत्या बाजूला उधळलं, हे कळायच्या आत ते झाडीत शिरलेलं असतं. चुकीची गोळी निवडली, तर ते हरीण कुठल्या तरी काटेरी जाळीत तासन् तास, कधी दिवसभर तडफडत मरतं आणि कुणाच्या हाती लागत नाही. शिकारीचा परवाना खिशात असला तरी अशा मरणाचं समर्थन करता येत नाही, असं मला ठामपणे वाटतं. गोळीची निवड हा म्हणूनच हौशी माणसांचा किरकोळ वाद राहत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. पण ठासणीची बंदूक कोकणाला परकी नाही. रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी परवान्यावर घेतलेल्या अशा बंदुका सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या अनेक घरांत आजही आहेत. त्यांच्या नळ्या आतून गुळगुळीत असतात. अमेरिकेतल्या शिकारी बंदुकांच्या नळीत पिळाचे आटे पाडलेले असतात, आणि गोळीचं सगळं गणित त्या आट्यांपासून सुरू होतं. तिकडची परिस्थितीही वेगळी. पूर्व अमेरिकेच्या बहुतेक भागातून लांडगे आणि पहाडी सिंह एकोणिसाव्या शतकातच जवळजवळ नाहीसे झाले. पांढऱ्या शेपटीची हरणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे पाच लाखांच्या आसपास उरली होती असा अंदाज आहे. संरक्षण मिळाल्यावर ती वाढत वाढत आज तीन कोटींच्या घरात गेली. बंदुका आणि दारूगोळ्यावरचा विशेष कर वन्यजीवांच्या कामी लावणारा कायदा तिथे १९३७ सालीच झाला. शिकार हा तिथल्या वन-व्यवस्थापनाचाच एक भाग आहे. मग ती करायची तर कशी, एवढाच प्रश्न उरतो.

हरीण मरतं कशाने, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. गोळीच्या धक्क्याने ते कोसळतं ही समजूत सिनेमातली. छातीत गोळी लागलेलं हरीण बहुतेक वेळा उडी मारून पळत सुटतं. गोळीने दोन्ही फुप्फुसं भेदली असतील तर रक्त झपाट्याने वाहून जातं, रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या वेळात ते पन्नास-शंभर मीटर जाऊ शकतं. हृदय आणि फुप्फुसं मिळून नेम धरण्याजोगी जागा म्हणजे पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या अर्ध्या भागात, साधारण २० सेंटिमीटर व्यासाचं एक वर्तुळ. हरीण आडवं उभं असेल तर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत गोळीला फूटभर अंतर कापायचं असतं: कातडी, बरगडी, फुप्फुस, पुन्हा फुप्फुस, बरगडी, कातडी. चांगली गोळी हे सगळं सरळ रेषेत कापून पलीकडे निघून जाते.

पलीकडे निघून जाण्याला या बंदुकीत विशेष महत्त्व आहे. गोळी आतच राहिली तर जखमेला तोंड एकच, आणि ते उंचावर असेल तर रक्त छातीच्या पोकळीत साचत राहतं, जमिनीवर थेंबही पडत नाही. आरपार गेली तर दोन तोंडं, त्यातलं पलीकडचं बहुधा मोठं, आणि रक्ताचा माग सुरुवातीपासून मिळतो. धुरामुळे शिकाऱ्याने काही पाहिलेलं नसतं, तेव्हा त्याला हरणापर्यंत नेणारं साधन हा मागच असतो. आधुनिक रायफलवाला कदाचित आत अडकणाऱ्या गोळीवर निभावून नेईल. ठासणीवाल्याने त्या भरवशावर राहू नये.

इथे एका आकड्याची दहशत मोडायला हवी. हरणासाठी गोळीत किमान १००० फूट-पौंड ऊर्जा हवी, असा ठोकताळा शिकाऱ्यांत वर्षानुवर्षं सांगितला जातो. आता ५० कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच नळीच्या बंदुकीतली गोल गोळी घ्या. तिचं वजन १७७ ग्रेन, म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम. नळीतून निघताना वेग सेकंदाला साडेपाचशे मीटर असेल, तर ऊर्जा बाराशे-तेराशे फूट-पौंड भरते. पण गोल आकार हवा कापायला सर्वांत वाईट. शंभर यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर पोचेपर्यंत वेग सव्वातीनशेच्या आसपास येतो आणि ऊर्जा जेमतेम एक-तृतीयांश उरते. ठोकताळ्याप्रमाणे ही गोळी पन्नास यार्डांच्या आतच निकामी ठरायला हवी. प्रत्यक्षात अशाच गोळ्यांनी दोन-अडीच शतकं हरणं पडत आली आहेत, आणि नीट मारली तर ती झटकन पडतात. कारण उघड आहे. आधुनिक रायफलची बारीक गोळी शरीरात शिरल्यावर रुंदावली तरच मोठं भोक पाडते. गोल गोळी शिरतानाच अर्धा इंच रुंद असते. ती रुंदावली तर उत्तम, नाही रुंदावली तरी फुप्फुसांतून अर्ध्या इंचाचा बोगदा जातोच. ऊर्जेचा आकडा भोकाचा आकार सांगत नाही, आणि गोळी किती खोल गेली तेही सांगत नाही.

गोल गोळीच्या बाबतीत मात्र आकाराला फार किंमत आहे. गोळ्याचं वजन व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतं, हवेचा अडसर वर्गाच्या पटीत. ४५ कॅलिबरच्या बंदुकीतली ०.४४० इंचाची गोळी १२८ ग्रेनची. ५४ कॅलिबरमधली ०.५३० इंचाची गोळी २२४ ग्रेनची. व्यास पाचव्या हिश्श्याने वाढला, वजन पाऊणपट. ही जड गोळी वेग टिकवते, हाड फोडून पुढे जाते. पूर्वेकडच्या दाट जंगलांतल्या लांब, सडपातळ बंदुका बारीक गोळीवर भागवत होत्या. पण माणसं रॉकी पर्वतांकडे सरकली, समोर एल्क, गवे आणि अस्वलं आली, तेव्हा सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या भावांनी आखूड, भक्कम आणि मोठ्या तोंडाच्या बंदुका घडवायला घेतल्या, त्यामागे हेच गणित होतं. कोलोरॅडोचा नियम आजही त्याची आठवण करून देतो: हरणासाठी नळी किमान ४० कॅलिबरची हवी, आणि ४० ते ५० कॅलिबरच्या दरम्यान गोळीचं वजन १७० ग्रेनहून कमी चालत नाही. म्हणजे ४५ कॅलिबरमध्ये गोल गोळी तिथे बसतच नाही. ५० कॅलिबरची १७७ ग्रेनची गोळी जेमतेम बसते. पेनसिल्व्हेनियाच्या गारगोटी मोसमात किमान मर्यादा ४४ कॅलिबरची. कायद्याने ४५ चालत असेल तिथेही माझा कौल ५० किंवा ५४ लाच जाईल. हरीण एवढं मोठं नसतं, हे खरं. पण हातून दोन बोटं नेम चुकला तर ती वाढीव रुंदी आणि वजन कामी येतं.

शिसं कोणतं, यावर नवखे शिकारी लक्षच देत नाहीत. गोळी शुद्ध, मऊ शिशाचीच हवी. अंगठ्याच्या नखाने ओरखडा उठला तर शिसं मऊ, ही जुन्या लोकांची परीक्षा आजही पुरेशी आहे. गाड्यांच्या चाकांना लावायच्या जुन्या वजनांत अँटिमनी मिसळलेलं असतं. ते वितळवून ओतलेली गोळी कठीण होते. कठीण गोळी चिंधीसकट नळीत नीट बसत नाही आणि हाडावर आपटली तर चपटी न होता घसरून वाट बदलू शकते. मऊ गोळी बरगडीवर दबते, रुंदावते आणि तरी एकसंध राहते. चिंधी म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड, उशीच्या खोळीसारखं जाड, मेण-चरबीत किंवा तेलात भिजवलेलं. गोळी आट्यांत थेट रुतत नाही. चिंधी आट्यांना धरते आणि गोळीला फिरवते. सरावाच्या वेळी बार काढल्यावर आठ-दहा पावलांवर पडलेल्या चिंध्या गोळा करून बघाव्यात. मधोमध काळा गोल डाग आणि कडा झालरीसारख्या, पण कापड शाबूत, म्हणजे सगळं ठीक. कापड जळून भोक पडलं असेल तर तेल कमी पडलं किंवा दारू जास्त झाली. आट्यांच्या रेषेत चिरलं असेल तर नळीच्या तोंडाची धार मारायला हवी. एवढी साधी चिंधी बंदुकीची इतकी माहिती देते, आणि कित्येक जण ती उचलतही नाहीत.

आता आटे. आट्यांचा पिळ किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतो यावर नळीला कोणती गोळी मानवेल ते ठरतं. चिंधीतल्या गोल गोळीला सावकाश पिळ लागतो, ६६ इंचांत एक फेरा असा. पिळ फार जलद असला आणि दारू भरपूर घातली, तर घासलेल्या बोल्टवर नट जसा आटे सोडून सरकतो तशी चिंधी आट्यांवरून सरकते आणि गोळी भरकटते. लांबट गोळीला उलट जलद पिळ हवा, २८ ते ३२ इंचांत एक. नाहीतर ती हवेत डोलू लागते आणि लक्ष्यावर आडवी आपटते. १९७० च्या सुमारास थॉम्प्सन-सेंटर कंपनीने हॉकेनच्या धर्तीवर बंदूक काढली, तिला ४८ इंचांचा पिळ ठेवला. दोन्ही गोळ्या बऱ्यापैकी चालाव्यात अशी ती तडजोड होती, आणि बऱ्यापैकीच चालतात. दुकानात शिरल्यावर गोळ्यांच्या डब्यांवरची चित्रं बघण्याआधी आपल्या नळीवर कोरलेला पिळाचा आकडा वाचावा. निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

लांबट गोळीचा इतिहास आपल्या इतिहासाला येऊन भिडतो. आट्यांच्या नळीत घट्ट बसणारी गोळी ठासायला वेळ लागे, लढाईत तो परवडत नसे. १८४९ च्या सुमारास क्लोद-एत्येन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी तयार केली: नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून सहज खाली जाणारी, आणि बार पेटला की पोकळ बूड फुगून आट्यांत रुतणारी. याच तत्त्वावरची ब्रिटिशांची १८५३ ची एन्फिल्ड बंदूक कंपनी सरकारने हिंदुस्थानी शिपायांच्या हातात दिली. ती ठासणीचीच होती. तिच्या कागदी काडतुसाला चरबी लावलेली असे, कारण गोळी नळीतून गुळगुळीत सरकायला आणि जळक्या दारूची काजळी मऊ ठेवायला वंगण लागतंच. दाताने फाडायच्या त्या काडतुसावर गाईची आणि डुकराची चरबी आहे, या अफवेतून १८५७ साली काय पेटलं ते आपण शाळेपासून शिकलो. पेनसिल्व्हेनियातला शिकारी आपल्या चिंधीला किंवा लांबट गोळीच्या खाचांना आज जे मेण-चरबीचं मिश्रण चोळतो, त्याचं काम तेच आहे.

शिकारीतली लांबट गोळी ५० कॅलिबरमध्ये साधारण ३५० ते ४०० ग्रेनची असते, गोल गोळीच्या दुप्पट. हरणातून ती आरपार जाते, तिरकं उभं असेल तरी जाते. शंभर यार्डांवर तिचा वेग गोल गोळीइतका घसरत नाही. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. दस्ता खांद्याला जोरात लाथ मारतो, आणि लाथेची धास्ती बसलेला माणूस चाप ओढताना दचकतो; असा नेम कोणत्याही गोळीने सुधारत नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. या गोळीला चिंधीची पकड नसते. बंदूक तोंड खाली करून खांद्यावर टाकून दिवसभर डोंगर चढलं-उतरलं, तर ती दारूपासून सुटून पुढे सरकू शकते. दारू आणि गोळी यांत पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फुटूही शकते. गजावर भरलेल्या बाराची खूण करून ठेवावी आणि दिवसातून दोन-तीनदा, नळीचं तोंड आपल्यापासून लांब धरून, गज आत सोडून ती खूण पडताळावी. त्याच सुरात आणखी एक सांगून टाकतो: काळ्या दारूच्या बंदुकीत आधुनिक बिनधुराची दारू चिमूटभरही घालू नये. दाब इतका वाढतो की नळी हातात फुटते, आणि अशा अपघातांत माणसांनी बोटं आणि डोळे गमावले आहेत.

१९८५ साली मिसुरीच्या टोनी नाइट यांनी एमके-८५ ही बंदूक बाजारात आणली आणि ठासणीची दुनिया पालटली. पेटवणारी टोपी नळीच्या बाजूला न ठेवता तिच्या बुडाशी, सरळ रेषेत आली. दिसायला ही बंदूक आधुनिक रायफलसारखी, भरायची मात्र तोंडातूनच. तिच्यासोबत सॅबो नावाची प्लास्टिकची वाटी रूढ झाली: ५० कॅलिबरच्या नळीत ४४ किंवा ४५ कॅलिबरची पिस्तुलाची गोळी या वाटीत बसवून ठासायची, बार उडाला की वाटी पाकळ्या उघडून गळून पडते. गोळी हलकी, वेग मोठा, मार्ग सपाट. दीडशे यार्डांचा पल्ला हाताशी आला.

पण याच ठिकाणी हरणांचे सर्वांत जास्त हाल होऊ शकतात, असं माझं मत आहे. पिस्तुलाची पोकळ नाकाची गोळी सेकंदाला तीनशे-साडेचारशे मीटर वेगासाठी घडवलेली असते. तीच गोळी दाबून भरलेल्या दारूच्या तीन वड्यांवर ठेवून सहाशेहून जास्त वेगाने सोडली, आणि हरीण निघालं तीस यार्डांवर, तर ती खांद्याच्या हाडावर फुटून वरवर मोठी जखम करते आणि आत पोचत नाही. तीच गोळी लांबवर, वेग घसरल्यावर, नाक न उघडता बारीक भोक पाडून जाते. दोन्हीकडे चूक गोळीची नसते. तिला तिच्या वेगाबाहेर वापरलं जातं. प्रत्येक गोळीची एक वेगाची खिडकी असते, आणि निर्माते ती सहसा सांगतात. उपाय सोपा आहे. दारूचं माप १५० ग्रेनवरून ९० ते ११० वर आणावं, गोळी २५०-३०० ग्रेनची, जाड कवचाची किंवा अखंड तांब्याची घ्यावी. वेग थोडा कमी होतो, गोळ्या मात्र लक्ष्यावर एकमेकींजवळ पडतात आणि गोळी शाबूत राहून आरपार जाते. डब्यावरच्या ‘मॅग्नम’ या शब्दाने आजवर एकाही हरणाचं मरण सोपं केलेलं नाही. कोलोरॅडोने तर ठासणीच्या मोसमात सॅबो, दारूच्या वड्या आणि दुर्बीण तिन्हींवर बंदी घातली आहे. आपलं राज्य काय म्हणतं ते पाहूनच गोळ्या घ्याव्यात.

तांब्याच्या गोळीचं दुसरंही कारण आहे, आणि ते हरणाच्या मरणानंतर सुरू होतं. शिकारी पोट साफ करून आतडी जंगलात टाकतात. त्यात शिशाचे कण असतील तर गरुड, गिधाडं ते खातात. कॅलिफोर्नियाची कॉन्डॉर गिधाडं १९८२ मध्ये फक्त २२ उरली होती, आणि त्यांच्या मरणामागे शिसं हे एक मोठं कारण होतं. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ३८ राज्यांतले १२१० गरुड तपासले गेले. जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या शिसेबाधेची पातळी सापडली. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने आपली गिधाडं कशी संपवली हे पाहिलेल्या मराठी वाचकाला मेलेल्या जनावरातून पुढे सरकणारं विष वेगळं समजावून सांगायला नको. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्या. खरं तर मऊ शिशाची गोल गोळी कमी वेगामुळे आधुनिक रायफलच्या गोळीसारखी फुटून कणकण होत नाही, बहुधा एकसंध राहते. तरी हाडावर थोडे कण सुटतातच. सॅबोत बसणारी तांब्याची गोळी वजन न गमावता पुढून पाकळ्यांत उघडते आणि पुढे जात राहते. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला जलद पिळाची नळी लागते, एवढं ध्यानात ठेवावं. गारगोटीच्या बंदुकीवाल्यांना बिस्मथ-कथिलाच्या गोल गोळ्या मिळतात; त्या शिशापेक्षा हलक्या आणि कठीण असल्याने पल्ला आणखी आवरता घ्यावा. शिसंच वापरायचं असेल तर आतडी खोल पुरावीत आणि जखमेभोवतीचं मांस हात राखून न कापता सढळपणे काढून टाकावं. घरी मुलं तेच खाणार असतात.

गोळी निवडली म्हणजे पल्ला ठरला, आणि तो मोडायचा नाही. चिंधीतल्या गोल गोळीसाठी ७५ यार्ड ही माझ्या मते शहाणी मर्यादा. लांबट गोळीला शंभर, सव्वाशे. सॅबोला दीडशे, तेही दुर्बीण आणि टेका असेल तर. उघड्या नेमाने नळीच्या टोकावरची जाड माशी हरणाच्या अर्ध्या छातीवर पसरते, म्हणून गोळी पोचली तरी डोळा पोचत नाही. वारा विसरू नये: ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा गोल गोळीला शंभर यार्डांवर वीतभर बाजूला नेतो, म्हणजे फुप्फुसातून पोटात. सरावात तीन-चार बार मारून छान जमलेला पुंजका दाखवण्यात काही अर्थ नाही, कारण प्रत्येक बारानंतर नळीत काजळी साचते आणि पुढची गोळी वेगळी जाते. जंगलात जो बार उडणार तो स्वच्छ, थंड नळीतला पहिला बार. तोच तपासायचा. एका दिवशी एक बार, नळी पुसून, उभ्याने किंवा गुडघ्यावर, जसा जंगलात मारणार तसा. असे बरेच पहिले बार एकाच कागदावर जमवावेत. ज्या अंतरावर ते सगळे २० सेंटिमीटरच्या वर्तुळात मावतात तो आपला पल्ला, मग गोळीच्या डब्यावर काहीही लिहिलेलं असो. हरीण समोर तोंड करून उभं असेल, पाठमोरं असेल, पळत असेल तर चापाला हात लावू नये. आडवं किंवा आपल्यापासून किंचित पलीकडे तिरकं, आपल्या बाजूचा पुढचा पाय पुढे टाकलेला, मान खाली चरताना: याची वाट पाहावी. डोक्यावर नेम धरणारे असतात. हरीण डोकं सतत हलवतं, जबडा फुटून सुटतं आणि उपासमारीने मरतं. हा नेम कुणीच धरू नये.

बार उडाल्यावर पहिलं काम म्हणजे एका बाजूला सरकून धुराच्या कडेने बघणं आणि कान देणं. हरीण शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं ते मनात पक्कं करायचं आणि जागेवर उभं राहून बंदूक पुन्हा भरायची. मग अर्धा तास थांबायचं. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर उठून आणखी अर्धा कोस जातं. जिथे ते उभं होतं तिथे आधी केस आणि रक्त शोधायचं. फिकट लाल, बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुप्फुस. माग घ्यायला हरकत नाही. गडद, काळपट रक्त म्हणजे यकृत असण्याची शक्यता, तीन-चार तास थांबावं. रक्तात हिरवट, पाचक रसाचा वास असलेलं काही दिसलं तर गोळी पोटात गेली आहे. अशा वेळी आठ-दहा तास थांबून शांतपणे माग काढावा, कारण निवांत सोडलेलं हरीण जवळपासच बसतं आणि तिथेच मरतं. प्रत्येक रक्ताच्या ठिपक्याशी चिंधीचा एक तुकडा बांधत जावा; मागे वळून पाहिलं की हरणाची दिशा कळते. पेनसिल्व्हेनियात आता दोरीने बांधलेल्या, माग घ्यायला शिकवलेल्या कुत्र्याची मदत घ्यायलाही परवानगी आहे, आणि माग तुटला तर लाज न बाळगता असा कुत्रेवाला बोलवावा. हरीण सापडल्यावर सोलताना गोळी आत राहिली असेल तर काढून ठेवावी, व्यास मोजावा, वजन करावं, वहीत अंतर आणि दारूचं माप लिहून ठेवावं. पुढच्या मोसमात तोच बार भरायचा की बदलायचा, हे त्या नोंदीवरून ठरवावं.